एकेरी पीळ

सासूबाईंचं मनगट सुजलं आणि आमच्या घरचं चाक थांबलं. हे मी बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरंच थांबलं. आम्ही दोर वळणारी माणसं. घरामागे पन्नास पावलांची लांबोळकी पट्टी आहे, वर छप्पर, दोन्ही बाजू उघड्या. तिच्या एका टोकाला लाकडी चाक. चाक फिरलं की त्याला जोडलेले तीन आकडे फिरतात आणि आकड्यांना अडकवलेल्या तीन पेडांना पीळ बसतो. दुसऱ्या टोकाला आमचे हे, कमरेला रुंद पट्टा बांधून, पट्ट्याच्या आकड्याला पेडांची टोकं अडकवून मागे रेलून उभे. आणि मध्ये मी. माझ्या हातात दोन मुठींएवढा लाकडी ठोकळा, त्याला तीन खाचा. तीन पेड खाचांतून घेऊन मी एकेक पाऊल चाकाकडे सरकते, आणि माझ्यामागे दोर होत जातो.

तीन माणसं, तीन जागा. एक कमी झालं की उरलेल्या दोघांनी एकमेकांचं तोंड बघत बसायचं.

चाकाची जागा सासूबाईंची. आमच्या घरात रीतच तशी. सासू चाकावर, सून ठोकळ्याला. सासू आहे तोवर सुनेने चाकाला हात लावायचा नाही. लेकीने, नातीने लावला तर चालतो, ती घरची. सुनेने लावला तर म्हणे सासूच्या मरणाची वाट बघितल्यासारखं होतं. सासूबाईंनी स्वतः एकोणीस वर्षं ठोकळा धरला. त्यांची सासू गेली तेव्हा कुठे त्या चाकावर बसल्या. मला अकरा वर्षं झाली होती. म्हणजे मी अजून कच्चीच.

रोज लेप, रोज शेक, पण मनगट ऐकेना. "दोन दिवसांत बसते बघ चाकावर," असं त्या महिनाभर म्हणत होत्या. चहा पिताना कप एकीकडे आणि बशी दुसरीकडे जायची, पण बोलण्यात काही कमी नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमचं तर घरच सुंभाचं!

त्यात नदीवरच्या होडीवाल्यांनी बारा जाड दोर सांगितलेले. पाणी चढायच्या आत हवेत, नंतर त्यांना उपयोग नाही. यंदा हवा इतकी कोरडी की ताग फणीतून ओढला की निम्मा तुटून खाली पडायचा. मी पाणी शिंपडून शिंपडून तो मऊ करायचे, माझी बोटं भेगाळली. आणि चाकाला माणूस नाही.

मग चाकावर बसली आमची मुंगी. हजेरीत तिचं नाव वेगळं आहे. पण रांगायला लागली तेव्हापासून ती दोराच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, म्हणून मुंगी. नऊ वर्षांची, चौथीत. बोलायला बापावर गेलेली, म्हणजे न बोलणारी. सकाळी शाळेआधी तासभर आणि शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत ती चाक फिरवायची. एका जाड दोराला सलग अडीच तास लागतात, मध्येच सोडला की पीळ उतरतो आणि पुन्हा पहिल्यापासून. तिच्या तुकड्या तुकड्यांच्या वेळात चार आठवड्यांत पाचच दोर झाले.

सात राहिले होते. एका संध्याकाळी ताटं पुसता पुसता मीच बोलले. ह्यांच्या तोंडून ते कधी निघालं नसतं आणि सासूबाईंना मनगटाचा विषय नको होता. राहिलं कोण? मी. घरातली सगळी कडू औषधं माझ्याच हातून पाजली जातात.

"मुंगे, या सोमवारपासून शाळा नको. चाकाला हात हवा."

"बरं," ती म्हणाली.

बस, इतकंच. रडली असती तर मी दोन शब्द ओरडले असते आणि मोकळी झाले असते. ती उठली आणि उद्याचं दप्तर भरायला लागली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग छपराकडे बघितलं.

"वर काय बघता? वरून कुणी उतरणार आहे का चाकावर बसायला?" मी म्हणाले.

"मी कुठे काय म्हणालो?"

"तेच तर!"

शनिवारी शाळेत घरचा दिवस होता. वर्षातून एकदा घरच्या सगळ्यांनी शाळेत जायचं, मुलांनी केलेलं बघायचं आणि मुलांबरोबर काहीतरी करायचं. त्याच दिवशी बाईंना गाठून सांगायचं असं मी ठरवलं. शाळा आमची दोन खोल्यांची, मुलं एकवीस, शिकवायला एकच बाई. वाळक्या अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांच्या डोक्यात सतत काहीतरी चालू असतं. एकदा मुलांना पावलांनी सगळी गल्ली मोजायला लावली. बेकरीवाल्याच्या दारातून एकवीस पोरं "एकशे चार, एकशे पाच" करत गेली, तेव्हा त्याचा म्हणे पावाचा हिशेब चुकला. तर यंदा बाईंनी काढलं की शाळेचा रस्सीखेचीचा दोर आपणच करायचा. प्रत्येक घराने मुलाबरोबर बसून एक बारीक दोरी वळायची, वीस पावलं लांब. सात दोऱ्यांचा एक पेड, तीन पेडांचा एक दोर. आणि शेवटी तो वळून देणार कोण? तर आमचे हे.

हे ऐकून ह्यांनी दाढी केली. चार दिवस आधी!

मुंगीने शाळेतून कागद आणला. दोरी कशी वळायची ते बाईंनी त्यावर लिहून दिलं होतं. ती बोट ठेवून एकेक शब्द वाचत होती, "ताग... मांडीवर... ठेवून... एकाच बाजूला... एकेरी पीळ द्यावा."

सासूबाई हसल्या. "एकेरी? एकेरी पीळ म्हणजे काय पीळ झाला? हातातून सोडला की पळाला. आधी सूत, मग दोन सुतं एकत्र करून उलटा पीळ. तेव्हा ती दोरी."

"पण आजी, बाई म्हणाल्या, सगळ्यांचा एकाच बाजूला हवा. शाळेत खुंटीवर सगळ्यांच्या दोऱ्या आल्यात. मी बघितल्या. सगळ्या एकेरी आहेत."

"असतील. त्यांना काय कळतंय?"

"पण आपली उलटी होईल ना."

मीच तिला गप्प केलं. "ए शहाणे, दोरवाल्याच्या घरात बसून दोरवाल्याला शिकवतेस? कागद ठेव तिकडे आणि सूत धर."

तिने कागदाची घडी घातली आणि सूत धरलं. आम्ही तिघांनी मिळून दोरी केली. अशी दोरी की काय सांगू! पांढरी, गुळगुळीत, कुठे काडी नाही, कुसळ नाही. सासूबाईंनी डाव्या हाताने ती चाचपली आणि म्हणाल्या, "लावा म्हणावं खुंटीवर. बाकीच्यांना जरा बघू दे."

शनिवारी आम्ही चौघं निघालो. ह्यांच्या खांद्यावर आमचं जुनं छोटं चाक, माझ्याकडे ठोकळा, मुंगीकडे दोरी. सासूबाईंचा हात गळ्यात अडकवलेल्या फडक्यात. वाटेत मी मनात घोकत होते, "बाई, मुंगी सोमवारपासून येणार नाही. आमचा इलाज नाही. राग मानू नका." चांगली तीन वाक्यं. पहिलं म्हटलं की पुढची दोन आपोआप येतील असं वाटत होतं.

वर्ग नुसता फुलून गेला होता. खिडकीत डब्यांची रांग, प्रत्येक डब्यात घेवड्याचं रोप, डब्यावर कागदी पट्टी चिकटवून रोज किती वाढलं त्याच्या खुणा. भिंतीवर गल्लीचा नकाशा, त्यात घरापेक्षा कुत्री मोठी. शिंपीणबाई तिच्या मुलाच्या बाकावर बसली ती अडकलीच, तिला लोहाराने आणि लोहारणीने दोन्हीकडून ओढून काढली. मोठी माणसं लहान बाकांवर बसली की कशी दिसतात ते मला त्या दिवशी कळलं. सगळे जरा घाबरलेलेच दिसतात.

दुसऱ्या भिंतीवर तक्ते लावले होते. 'आमच्या घरचं काम.' बाईंनी गंमत काढली होती, प्रत्येकाने आपला नाही, शेजाऱ्याचा तक्ता वाचायचा. लोहाराच्या मुलीने बेकरीचा वाचला. बेकरीवाल्याच्या पोराने टपालवाल्याचा वाचला, त्यात टपालवाल्याला कुत्रा चावल्याचं रंगीत चित्र होतं, टपालवाला कानापर्यंत लाल झाला. मग शिंप्याच्या मुलाने मुंगीचा तक्ता वाचायला घेतला. मला वाचता येतं ते मोडकंतोडकं, म्हणून मी कान देऊन ऐकत होते.

"आमच्या घरी दोर होतो. आधी ताग फणीने विंचरतात. मग सूत, मग पेड, मग दोर. बाबा मागे रेलतात. आई ठोकळा धरते. आजीचा हात दुखतो म्हणून मी चाक फिरवते. एका जाड दोराला चाकाचे दोन हजार एकशे चाळीस फेरे लागतात. मी मोजले."

"बाप रे!" कुणीतरी म्हणालं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षं दोर वळतात, पण फेरे किती लागतात ते ह्यांनाही माहीत नव्हतं.

खाली अजून दोन ओळी होत्या. पेन्सिलीने लिहिलेल्या, घाईघाईत, बहुतेक त्याच सकाळी. शिंप्याचं पोर अडखळत वाचत गेलं.

"सोमवारपासून मी शाळेत येणार नाही. माझा रोपाचा डबा ज्याला हवा त्याने घ्यावा, पण पाणी रोज घालावे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, अगदी एक क्षणभर, आणि म्हणाल्या, "छान वाचलंस. पुढचा तक्ता कोण वाचतंय?"

मला त्या बाकाखाली शिरावंसं वाटलं. राग आला. कुणाचा ते कळेना म्हणून मुंगीचाच आला. मी तिला दंडाला धरून दाराबाहेर नेलं.

"कुणी सांगितलं होतं हे भिंतीवर लिहायला? चव्हाट्यावर आणलंस आम्हाला!"

"बाई म्हणाल्या, खरं असेल ते लिहा."

"मी सांगणारच होते ना बाईंना!"

"मग तू सांगणार होतीस तेच मी लिहिलं."

मी तिचा दंड सोडला. माझ्या बोटांचे ठसे दिसत होते. ते बघून मला माझाच राग आला आणि मग कुठे तो नीट जागेवर बसला.

मग सगळे अंगणात आले. ह्यांनी चाक एका टोकाला रोवलं, वीस पावलं मोजून स्वतः दुसऱ्या टोकाला पट्टा बांधून उभे राहिले. खुंटीवरच्या एकवीस दोऱ्या आणल्या. सात, सात, सात अशा आकड्यांना अडकवल्या. आमची तिसऱ्या आकड्याला. सासूबाईंना वर्गातून खुर्ची आणून दिली होती, त्या चाकाशेजारी ऐटीत बसल्या. ह्यांनी एकेक दोरी हाताखालून घालून बघायला हवी होती. घरी प्रत्येक सूत बघतात. पण इतकी माणसं बघतायत, आणि कधी नव्हे ते सगळे "दोरवाले, दोरवाले" करतायत, त्यात राहून गेलं.

"फिरव गं," ते म्हणाले. मुंगी चाक फिरवायला लागली.

आधी पीळ बसतो तेव्हा काही दिसत नाही. मग पेड ताठ होत जातात. पहिला झाला, दुसरा झाला. तिसरा मात्र वाकडा व्हायला लागला. सहा दोऱ्या सैल पडल्या, त्यांच्या चुण्या उठल्या, झालरीसारख्या. आणि मधोमध एकच दोरी आवळत चालली, आवळत चालली, बाकीच्यांपेक्षा हातभर आखूड. पांढरी, गुळगुळीत.

"थांब, थांब!" हे ओरडले.

"अहो दोरवाले, तिसरा पेड रुसला की काय?" बेकरीवाला म्हणाला.

लोहारीण वाकून बघत होती. "एकाच दोरीने घोळ घातलाय. कुणाची आहे ही?" तिने ती बोटांनी वेगळी केली. "अगं बाई! ही तर ह्यांचीच!"

हसले सगळे. वाईट मनाने नाही, पण हसले. मीही दुसऱ्याच्या जागी असते तर हसलेच असते. "दिव्याखाली अंधार," टपालवाला म्हणाला. त्याला तक्त्याची भरपाई मिळाली. ह्यांचे हात खाली आले. त्या सकाळी पुन्हा दाढी केलेला चेहरा, त्यावर काही लपतही नाही. ते चालत आले, दोरीवरून अंगठा फिरवला आणि त्यांना कळलं. मी बघितलं, त्यांना कळलं.

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "आमची बरोबर आहे! बाकीच्या वीस चुकल्यात!"

आता याला काय म्हणायचं? त्या खरंच बोलत होत्या. दोरी म्हणून आमचीच तेवढी खरी होती. पण दोर काही एका दोरीचा होत नाही.

मुंगीने चाक सोडलं आणि ती पुढे आली. मी वाट बघत होते, आता म्हणेल, 'मी सांगितलं होतं, माझं कुणी ऐकलं नाही.' सगळ्यांसमोर म्हणायचा तिला हक्कच होता. ती म्हणाली, "बाबा, आपली दुहेरी आहे, म्हणून तिचा पीळ उलटा. सगळ्यांच्या एकेरी आहेत. चाक फिरलं की त्या सुटतात आणि आपली आवळते."

"मग आता काय करायचं?" बाईंनी विचारलं. ह्यांना नाही, तिला.

"उकलायची. आत दोन एकेरी सुतं आहेत. त्यांचा पीळ सगळ्यांसारखाच आहे. त्यातलं एक लावू."

बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. आपल्या हातची चांगली झालेली दोरी चार लोकांत उकलायची, म्हणजे लोहाराने आपलाच विळा पुन्हा वितळवायचा. हे दोरी सोडवून घेऊन मुंगीसमोर उकिडवे बसले. "सांग," म्हणाले.

आणि ती सांगायला लागली. "आई, तू हे टोक ताणून धर. सैल सोडू नकोस. बाबा, तुम्ही त्या टोकाला उलटं फिरवा, हळू. मी मध्ये बोट घालून चालते." ती दोन सुतांच्या मध्ये बोट घालून निघाली, आणि तिच्यामागे दोरीची दोन सुतं होत गेली. मुलं तिच्या बाजूने पावलं मोजत चालली, एक, दोन, तीन. "काका, पाय काढा दोरीवरून," ती बेकरीवाल्याला म्हणाली. एवढा आडदांड माणूस, टुणकन बाजूला झाला. "चौदा नाही, पंधरा," तिने मोजणाऱ्या पोरांना सुधारलं.

हा आवाज मी ओळखत नव्हते. तिच्या नऊ वर्षांत आमच्या पट्टीवर कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे ती फिरव म्हटलं की फिरवायची आणि थांब म्हटलं की थांबायची. इथे ती बोलत होती आणि बाकीची वीस पोरं, त्यांचे आईबाप, बाई, सगळे ऐकत होते, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. म्हणजे रोजचंच होतं. रोज ती हे सोडून आमच्याकडे येत होती आणि गप्प होत होती.

दोन सुतं निघाली. एक सहा दोऱ्यांत लावलं, दुसरं बाजूला ठेवलं. पीळ उतरवून पुन्हा सुरुवात करायची होती. मुंगी चाकाकडे निघाली तशा बाई म्हणाल्या, "तू नको. तू पेडांकडे लक्ष ठेव, तुलाच त्यातलं कळतंय. चाकावर दुसरं कुणीतरी बसेल."

"कोण?" मुंगी म्हणाली.

साधा प्रश्न. आमच्या चौघांशिवाय कुणाला त्यात काही जड वाटलं नाही. हे पट्ट्याच्या आकड्याशी खेळायला लागले. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खिडकीतले डबे बघत होत्या, जसे काही विकत घ्यायचे आहेत.

मी ठोकळा लोहारणीच्या हातात दिला आणि जाऊन चाकावर बसले.

चाकाची मूठ हाताला लागली तेव्हा ती माझ्या हातापेक्षा मोठी वाटली. मी फिरवलं. जड नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, जड असेल. पेड ताठ झाले, पहिला, दुसरा, तिसराही, तिघं सारखे. मुंगी त्यांच्यावरून हात फिरवत होती. "अजून," म्हणाली. "अजून. बस्स. आता ठोकळा."

लोहारणीने ठोकळा खाचांत बसवला आणि चालायला लागली. बिचारी घणाला सरावलेली, तिने ठोकळा असा आवळला की पेड पुढे सरकेनात. मग एकदम सैल सोडला, तर तो घसरला. दोर एका जागी जाड, पुढे ढिला. ती तिरकी झाली, पेड एकमेकांवर चढले.

"अगं अगं अगं!" खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "अशी धरतात का? बाळाला धरतात तशी धर! नाही जमत. सोड! आण इकडे!"

सासूबाई उठल्या. दुखरा हात फडक्यात, डाव्या हाताने त्यांनी ठोकळा घेतला, पोटाशी टेकवला आणि घसरलेल्या जागेपासून पुन्हा निघाल्या. पाठीमागे दोर होत होता. सरळ, सारखा, एकही गाठ नाही. त्या मान खाली घालून, ओठ दाबून, एकेक पाऊल माझ्याकडे येत होत्या, आणि मी चाक फिरवत होते. त्या जवळ आल्या तसा त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला. शेवटचं पाऊल टाकून त्या माझ्यासमोर थांबल्या. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

दोर झाला. मग पोरं एका बाजूला आणि आईबाप एका बाजूला अशी रस्सीखेच झाली. पोरांच्या बाजूला लोहार घेतला होता, म्हणून पोरं जिंकली. बेकरीवाला पालथा पडला, त्याच्यावर टपालवाला, त्याच्यावर शिंपीणबाई. दोर तुटला नाही. हे कडेला उभे राहून त्यावरून अंगठा फिरवत होते, आणि जो येईल त्याला म्हणत होते, "एकेरी सुताचा आहे, पण बघा." दिवसभरात ते एवढंच बोलले, पण आठ-दहा वेळा.

लोक पांगायला लागले तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. हातात मुंगीचा तक्ता होता, भिंतीवरून काढलेला.

"तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं होतं ना? सोमवारबद्दल?"

घोकलेली तीन वाक्यं मी पार विसरले होते. सात दोर राहिले होते, ते काही पळून गेले नव्हते. होडीवाले आठवड्याभरात दारात येणार होते. मागे सासूबाई खुर्चीवर बसून मनगट चोळत होत्या, आमच्याकडे पाठ करून, पण कान इकडेच.

"सोमवारी येईल ती," मी म्हणाले. "रोज येईल. शाळेआधी हवं तेवढं झोपेल आणि येईल. चाकावर मी बसते."

बोलून गेले. आता तीर सुटला होता. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं, पण किती टाळणार? त्यांनी खुर्ची फिरवली. मोठा दम घेतला. मला वाटलं, आता इथेच, बाईंसमोर, अकरा वर्षांचं सगळं निघेल.

"उद्या चाक जरा हळू फिरव," त्या म्हणाल्या. "मघाशी किती घाई करत होतीस. मी एकोणीस वर्षं ठोकळा धरलाय, मला घाईतला दोर आवडत नाही."